गळाच्या टोकाकडून विचार करा : गोड्या पाण्यातील मासेमारीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गळ टाकून मासे धरण्याचा छंद मला नव्याने लागला आहे. दुकानात प्रत्येक रॉडवर लांबी, पॉवर, ॲक्शन असे बरेच काही छापलेले दिसते आणि त्याचा अर्थ लागत नाही. तळी आणि संथ वाहणाऱ्या नद्या यांसाठी पहिला रॉड कोणता घ्यावा?

उत्तर : रॉड ही खरेदीतली पहिली वस्तू असली, तरी विचारातली शेवटची असावी, असे माझे ठाम मत आहे. कोणता मासा धरायचा आहे, तो काय खातो, ते आमिष कोणत्या मापाच्या गळावर बसते, आमिष, शिसे (दोरीला लावायचे वजन) आणि फ्लोट (पाण्यावर तरंगणारा बोया) मिळून वजन किती भरते, ते वजन किती जाडीच्या दोरीने फेकता येईल आणि त्या दोरीला कोणता रॉड शोभेल, या क्रमाने तुम्ही विचार केलात, तर समोरचे निम्मे रॉड आपोआप बाद होतात. मुठीच्या जरा वर छापलेले आकडे याच कामासाठी असतात. तेथे ६–१२ पौंड आणि ७–२१ ग्रॅम असे लिहिलेले असेल, तर पहिली जोडी दोरीच्या ताकदीची आणि दुसरी फेकण्याच्या वजनाची असते (१ पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम). रॉड वजनाने वाकतो आणि सरळ होताना ते वजन पुढे भिरकावतो. त्यामुळे ३ ग्रॅमचे आमिष या रॉडने दूर जाणार नाही, कारण ते त्याला वाकवूच शकत नाही.

पॉवर आणि ॲक्शन या दोन गोष्टींची नवखे लोक नेहमी गल्लत करतात. रॉड वाकवायला किती जोर लागतो, ते पॉवर सांगते. तो कोठून वाकतो, ते ॲक्शन सांगते. फास्ट ॲक्शनचा रॉड मुख्यतः वरच्या एक तृतीयांश भागात वाकतो, मध्यम ॲक्शनचा निम्म्यापासून आणि स्लो ॲक्शनचा जवळजवळ मुठीपर्यंत. तळाशी एका गळावर गांडूळ लावून बसायचे असेल, तर फास्ट रॉडने गळ चटकन रुततो. पण ज्या माशांचे ओठ मऊ असतात किंवा ज्या कृत्रिम आमिषाला बारीक तिहेरी गळ असतात, तेथे ताठ रॉड गळ ओरबाडून काढतो आणि मध्यम ॲक्शनच उपयोगी पडते. तुमच्या गरजेसाठी साडेसहा ते सात फूट लांबीचा, मध्यम पॉवरचा रॉड मी सुचवेन. काठावर झाडी दाट असेल तर थोडा आखूड आणि फ्लोट दूरवर सांभाळायचा असेल तर थोडा लांब घ्यावा, एवढाच बदल त्यात करावा.

कार्बनचा रॉड हलका असतो आणि माशाचा बारीक स्पर्शही हातापर्यंत पोहोचवतो, परंतु तो आपटला किंवा दगडावर घासला, तर न दिसणारा तडा जाऊन पुढे केव्हातरी मोडतो. फायबरग्लासचा जड असतो, पण हयगय सोसतो, म्हणून मुलांच्या हाती तोच द्यावा. कार्बनमधून वीज वाहते, हे मात्र कधीही विसरू नये. विजेच्या तारांखाली तो उभा धरून चालू नये आणि ढग गडगडू लागताच तो खाली ठेवून काठापासून दूर व्हावे. रॉड विकत घेण्यापूर्वी दोरी ज्यातून जाते त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून पाहा. कडीच्या आतल्या कड्याला केसाएवढा तडा असला, तरी कापसाचे तंतू त्यात अडकतात, आणि तोच तडा पुढे दोरी कापत राहतो.

प्रश्न : माझ्याकडे साधे स्पिनिंग रीळ आहे. दोरी सतत पिळवटते आणि फेकताना तिची गुंडाळी एकदम बाहेर पडते. बेटकास्टिंग रीळ घेतल्यास हा त्रास संपेल काय?

उत्तर : तो त्रास संपेल, पण दुसरा सुरू होईल. बेटकास्टिंग रिळात फेकीबरोबर स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेला भाग, स्वतः फिरते, आणि आमिष हवेत मंदावले तरी स्पूल वेगातच राहिले, की दोरीचे घरटे होते. अंगठ्याने स्पूल हळूच दाबत राहण्याची सवय अंगी मुरायला वेळ लागतो. जड आमिष आणि जाड दोरी यांसाठी ते रीळ उत्तम, परंतु हलक्या आमिषासाठी स्पिनिंग रिळाला तोड नाही. त्यात स्पूल स्थिर असते आणि दोरी त्याच्या कडेवरून नुसती सुटत जाते. इंग्लंडमधील कापड व्यवसायातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. स्थिर रिळावरून सूत कसे सुटते, हे गिरणीत रोज दिसत असते, हे लक्षात घेतले की या रचनेचे मर्म कळते.

तुमच्या दोरीला पीळ बहुधा तीन ठिकाणी पडतो. पहिले म्हणजे ती भरताना. विकत आणलेली चकती जमिनीवर आडवी ठेवा, दहाबारा फेरे गुंडाळा आणि दोरी सैल सोडून पाहा. ती वेटोळी होऊ लागली, तर चकती उलटी करा. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दोनतीन मिलिमीटर जागा राहू द्या, कारण एकदम सुटणारी गुंडाळी ही बहुतेक वेळा जादा भरण्याची खूण असते. दुसरे म्हणजे फेकीनंतर तारेची बेल (फेकताना उघडावी लागणारी कमान) हँडल फिरवून नव्हे, तर हाताने बंद करावी आणि दोरी किंचित ताणून घ्यावी. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. मासा दोरी ओढून नेत असताना आणि ड्रॅग (ठरावीक ताणापलीकडे दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) घसरत असताना पुष्कळ जण घाबरून हँडल फिरवतच राहतात. रिळाचे गुणोत्तर ५.२:१ असेल, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरत असेल, तर दोरी आत येत नसताना हँडलच्या प्रत्येक फेऱ्यामागे तिला पाच पीळ बसतात. मासा पळतो आहे तोवर हँडलवरचा हात थांबवा. तो थांबला, की रॉड वर उचला आणि तो खाली नेताना दोरी गुंडाळा. आधीच पडलेला पीळ काढायचा असेल, तर गळ, शिसे सर्व काढून मोकळी दोरी वाहत्या पाण्यात लांबवर सोडा आणि काही वेळाने बोटांच्या चिमटीतून परत गुंडाळा.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ठेवावा. अंदाजाने नव्हे, तर स्प्रिंगच्या वजनकाट्याला दोरी बांधून एकदा तपासावे, म्हणजे १० पौंडांच्या दोरीवर ड्रॅग अडीच ते तीन पौंडांना सुटला पाहिजे. घरी आल्यावर तो सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पुढच्या वेळी तो झटके देत सुटतो.

प्रश्न : नायलॉन सोडून मी २० पौंडांची ब्रेडेड (बारीक तंतू विणून केलेली) दोरी घेतली. तिच्यावर लागलेले दोन मोठे मासे गळासकट गेले. दोरी वाईट निघाली असे समजावे काय?

उत्तर : दोरीला दोष देण्यापूर्वी तिचे टोक बारकाईने पाहायला हवे होते. ते अखंड राहून नुसते चुरगळलेले दिसले, तर दोरी तुटली नाही, गाठ सरकली. टोक कुंचल्यासारखे विस्कटलेले दिसले, तर ती दगडाला घासली. नायलॉनच्या बाबतीत सरकलेल्या गाठीचे टोक स्प्रिंगसारखे वळलेले असते. तुमच्या बाबतीत गाठच सरकली असावी, असे मला वाटते, कारण नायलॉनवर वर्षानुवर्षे चाललेली गाठ ब्रेडवर टिकत नाही. ब्रेड पॉलिएथिलीनच्या तंतूंची असते आणि हे तंतू फार निसरडे असतात.

ब्रेडसाठी पालोमार गाठ मारा. दोरी दुमडून गळाच्या नेढ्यातून ओवा, दुमडलेल्या भागाची साधी सैल गाठ घाला, फासातून अख्खा गळ पलीकडे न्या, गाठ ओली करा आणि दोन्ही टोके सावकाश ओढा. नायलॉनसाठी पाचसहा वेढ्यांची क्लिंच गाठ पुरते. दोहोंमध्ये ओले करणे टाळू नका. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तेथेच दुबळा होतो. एकदा दिवस मावळताना, घाईत, मी कोरडीच गाठ आवळली होती. हाताला किंचित करकर जाणवली आणि मी तिकडे दुर्लक्ष केले. पाऊण तासाने लागलेला मासा काठापासून हातभर अंतरावर येऊन सुटला, आणि त्याच्या ओठात माझा गळ राहिला, याचे दुःख मासा गेल्यापेक्षा अधिक होते. तेव्हापासून करकर जाणवली, की मी गाठ कापून पुन्हा मारतो.

ब्रेड ताणली जात नाही. हा तिचा गुण आहे आणि तोच तिचा दोषही. स्पर्श लगेच कळतो, पण माशाचा झटका थेट गळावर येतो, म्हणून ड्रॅग नायलॉनपेक्षा सैल ठेवावा. ती गुळगुळीत स्पूलवर घसरते, यासाठी खाली आधी काही मीटर नायलॉन गुंडाळावा. हाताला गुंडाळून ती कधीही ओढू नये, बोट कापते. ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात, तो नायलॉनचा धागा ताणतो, पाणी शोषतो आणि उन्हाने कमकुवत होतो, तरीही नवख्यासाठी मी तोच पसंत करतो, कारण त्याचा ताण अनेक चुका पदरात घेतो. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो. पाण्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.३३, त्याचा १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३ आहे, म्हणजे तो पाण्याच्या अधिक जवळ आहे, हे त्याचे कारण. स्वच्छ पाण्यात ब्रेडच्या पुढे मीटरभर फ्लुरोकार्बन जोडणे हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग होय.

प्रश्न : मी नेहमी गांडूळच लावतो. काही दिवशी मासे तुटून पडतात आणि काही दिवशी आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आमिष बदलावे की जागा?

उत्तर : आधी वेळ आणि पाणी पाहावे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते, त्यामुळे थंड पाण्यात त्याचे पचन मंदावते आणि तो कमी खातो. तेथे आमिष लहान हवे आणि ते स्थिर असावे. उलट पाणी फार तापले, की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाच्या दिवसांत पहाट गाठावी, किंवा जेथे ओढा येऊन मिळतो, वारा लाटा काठावर लोटतो, सावली पडते, अशी जागा शोधावी.

त्यानंतर माशाचा विचार. कार्प कुळातल्या माशांना, म्हणजे रोहू, कटला यांनाही, खरे जठर नसते. ते एकदम पोटभर खाऊन पडून राहत नाहीत, थोडे थोडे सतत टिपत फिरतात. यांच्यासाठी गळाभोवती चारा टाकायचा असेल, तर मूठभर आणि थोड्या वेळाने पुन्हा मूठभर, असाच टाकावा. ढीग ओतला, तर तुमचे आमिष त्यात हरवते. यांना भिजवलेला मका, पाव आणि कणकेची गोळी चांगली लागते. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ मळावी आणि गोळी गळावर लावून पाण्याच्या पेल्यात पंधरा मिनिटे सोडून पाहावी. ती विरघळून गळ उघडा पडला, तर तळ्यातही तेच घडत होते आणि तुम्ही रिकाम्या गळाकडे पाहत बसला होता. कार्प आमिष ओढून पळत नाही, ओठांनी शोषून पुन्हा थुंकतो. फ्लोट नुसता थरथरला किंवा आडवा झाला, तरी तो इशारा समजावा. फ्लोटचे केवळ टोक पाण्यावर राहील, एवढे शिसे लावलेले असेल, तरच हा इशारा दिसतो.

मिशावाल्या माशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना चव घेण्याच्या ग्रंथी मिशांवर तर असतातच, शिवाय अंगभर असतात. गढूळ पाण्यात, रात्री, ते वासावर आणि चवीवर येतात, म्हणून त्यांच्यासाठी तुमचे गांडूळ योग्यच आहे. ते दोनतीन ठिकाणी टोचून शेपटाकडचा भाग मोकळा वळवळू द्यावा आणि गळाचे अणकुचीदार टोक झाकू नये. मरळीसारखे शिकारी मासे मात्र हालचालीला भुलतात. त्यांच्यासाठी जिवंत वळवळ किंवा चमचा, फिरते पाते, मऊ रबरी बेडूक अशी कृत्रिम आमिषे वापरावीत, आणि ती एकाच चालीने न ओढता मध्येच थांबवावीत. घाव बहुधा त्या थांब्यावरच बसतो.

प्रश्न : लहान मासे गळ खोल गिळतात आणि सोडले तरी मरतात. यावर काही उपाय आहे काय?

उत्तर : आहे. गळाच्या क्रमांकांत ४ पेक्षा १० लहान असतो आणि १/० च्या पुढे माप वाढत जाते, हे ध्यानात ठेवून थोडा मोठा गळ घ्या. लहान माशाच्या तोंडात तो जातच नाही. सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरल्यास हिसका मारू नका, फक्त हळूहळू दोरी ताणा, म्हणजे तो ओठाच्या कोपऱ्यात रुततो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, तर गळ सहज निघतो. गळ खोल गेलाच असेल, तर उकरत बसू नका, दोरी जवळून कापा. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

शिशाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सांगतो. पाण्यात पडलेल्या शिशाच्या गोळ्या खडे समजून हंस आणि बदके गिळतात व विषबाधेने मरतात. त्यामुळेच इंग्लंडमध्ये १९८७ पासून लहान आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टन, कथिल आणि पोलाद यांची वजने मिळतात, ती घ्यावीत. कापलेली दोरी काठावर टाकू नका. तिचे तुकडे करून खिशात ठेवलेल्या डबीत भरा आणि घरी न्या, कारण तीच दोरी पुढे एखाद्या पक्ष्याच्या पायात अडकते.