डोळे उघडे चालतील

"तुम्ही आमच्यातल्या नाही, म्हणूनच आले," खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. आमच्यातल्या म्हणजे ख्रिस्ती. जुलै २०२०चा मध्य होता, निसर्ग चक्रीवादळाला दीड महिना होत आला होता. तोंडाला मास्क, मधे सहा फुटांचं अंतर, खिडक्या सताड उघड्या आणि बाहेर चिपळूणचा पाऊस. बोलणं ऐकू यायला दोघींनाही ओरडावं लागत होतं. समुपदेशनाला याहून वाईट बैठक शोधून सापडली नसती. मास्कच्या वर फक्त त्यांचे डोळे दिसत होते. बाई कित्येक दिवस नीट झोपलेली नाही, एवढं त्या डोळ्यांवरून कोणीही सांगितलं असतं.

"मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की पत्र्याचा आवाज येतो. माझा विश्वास गेला असेल, तर मुलींसमोर प्रार्थनेला बसायचं कोणत्या तोंडाने?"

हा प्रश्न मला पुढेही बऱ्याच जणांनी विचारला. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, जुलैत चिपळूण-महाडचा पूर आला. (त्या पुरात माझी टेबलं, खुर्च्या, नोंदवह्या सगळं चिखलात गेलं, तेव्हा मीही कुणाला तरी बरंच काही विचारत होते.) एका नर्सने विचारला, एका शिक्षिकेने विचारला, एका माळकरी आजोबांनी त्यांच्या शब्दांत विचारला. म्हणून या बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. मुली त्यांना मावशी म्हणायच्या, मीही तेच म्हणते.

मावशी दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याकडे, खाडीलगतच्या एका लहानशा बालगृहात गृहमाता. त्या पट्ट्यात ख्रिस्ती माणसं नवी नाहीत. स्कॉटिश मिशनरी १८२०च्या दशकातच बाणकोट-हर्णे भागात शाळा चालवत होते. बालगृह मात्र अगदी साधं. कौलारू घर, पुढे पत्र्याची पडवी, मागे सुपारीची दहाबारा झाडं. लॉकडाऊन लागल्यावर ज्यांना घर होतं त्या मुली घरी गेल्या. ज्यांना नव्हतं त्या अकरा राहिल्या. सगळ्या बालकल्याण समितीमार्फत आलेल्या. अर्ध्याहून जास्त मुली ख्रिस्ती नव्हत्या.

निसर्ग आलं त्या दिवशी, ३ जूनला, सकाळी वारा वाढायला लागला. मावशींनी मुलींना गोल बसवलं, देव राखतो असं सांगणारं बायबलमधलं ९१वं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. मुली घाबरलेल्या दिसल्या म्हणून शेवटी म्हणाल्या, "आता आपण प्रार्थना केली आहे. प्रभू आपल्या छपराला हात लावू देणार नाही."

दुपारी छप्पर गेलं. आधी पडवीचे पत्रे, मग कौलं. सिमेंटचा स्लॅब एकाच ठिकाणी होता, संडास-बाथरूमवर. तिथे अकरा मुली, मावशी आणि स्वयंपाकाच्या ताई दाटीवाटीने तीन तास उभ्या राहिल्या. धावताना अनवाणी एका मुलीचा पाय कौलाच्या तुकड्याने कापला. बाकी सगळ्या सुखरूप.

"त्या तीन तासांत मी काय केलं सांगू? मुली मोजल्या. एक ते अकरा. परत एक ते अकरा. येशूचं नाव एकदाही तोंडात आलं नाही, ताई."

'मावशी, ती मोजणीच तुमची प्रार्थना होती' हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. मी त्यांच्या धर्माची नाही, आणि असली सुंदर वाक्यं समोरच्याचं बोलणं बंद करतात. त्यांना अजून बोलायचं होतं.

वादळानंतरचे तीन आठवडे वीज नव्हती. ताडपत्रीखाली मुली, वरून मृगाचा पाऊस, विहिरीत पालापाचोळा. मेणबत्त्या मिळेनात, पत्र्यांचे भाव भडकलेले. मावशी रात्रीतून तीनदा उठून ताडपत्रीवरचं पाणी काठीने ढकलायच्या. चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी फोनवर सांगितलं, "आपली प्रार्थना कमी पडली." सांगणाऱ्याला बहुधा दुसऱ्या दिवशी आठवलंही नसेल. मावशींना ते शब्द पाठ होते.

मी आधी कोरडे प्रश्न विचारले. किती तास झोपता? जेवता का? जगू नये असं मनात येतं का? शेवटचा प्रश्न मी नेहमी सरळ विचारते, आडवळणाने नाही. नाही म्हणाल्या, आणि ते मला पटलं. झोप तीन तास. जेवण मुलींच्या ताटात उरेल ते.

मग विचारलं, "तुमच्या पवित्र शास्त्रात असं थकलेलं कोणी आहे का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "एलीया," म्हणाल्या. आणि मग गोष्ट सांगू लागल्या, मुलींना सांगतात तशी. एलीया संदेष्टा जीव वाचवत रानात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. तिथे देवदूत आला. त्याने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं. एलीया खाऊन परत झोपला. देवदूताने परत उठवून परत खायला दिलं. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतर देव मंद वाणीत बोलतो तो प्रसंग, हे सगळं पुढे.

"देवदूताने विश्वासाबद्दल काही विचारलं?"

"नाही." मास्कच्या आत हसल्या असाव्यात. "जेवायलाच घातलं."

पहिल्या भेटीत आम्ही एवढंच ठरवलं. पाणी ढकलायची पाळी स्वयंपाकाच्या ताई आणि शेजारचे एक काका आलटून पालटून घेतील, मावशी सलग सहा तास झोपतील आणि मुलींबरोबर ताट घेऊन बसतील. प्रार्थना मोठी मुलगी घेतच होती, तशीच घेऊ दे. ज्याची झोप तुटलेली असते त्याला देवच काय, घरचं माणूससुद्धा दूर वाटतं. विश्वास गेला की शरीर थकलं, हे शरीराला थोडी विश्रांती मिळाल्याशिवाय कळत नाही. पुष्कळ जण हा निकाल रात्री अडीच वाजता लावतात.

निघताना दारात त्या सहज म्हणाल्या, "आमची धाकटी मात्र हल्ली काय भक्तीने प्रार्थना करते! डोळे इतके घट्ट मिटते की कपाळाला आठ्या पडतात."

मी त्यांना परत बसवलं. सात वर्षांची ती मुलगी जूनपासून रात्री अंथरूण ओलं करत होती, वारा सुटला की मावशींचा पदर सोडत नव्हती. हे वादळानंतर मुलांमध्ये दिसतंच. बऱ्याच मुलांचं दिनक्रम परत सुरू झाला, ओळखीचं माणूस जवळ राहिलं की काही आठवड्यांत ओसरतं. पण त्या आठ्या मला खटकल्या. मी म्हटलं, तिला एकटीला विचारा, रागवायचं नाही, भांडी घासता घासता विचारा.

पुढच्या भेटीत मावशी आल्या त्या रडतच. तीन जूनच्या प्रार्थनेत धाकटीने डोळे उघडले होते. मांजरीचं पिल्लू बाहेर राहिलंय का, ते बघायला. आणि मावशी तर म्हणाल्या होत्या, प्रार्थना केली की छपराला काही होत नाही. मग छप्पर गेलं कोणामुळे? महिनाभर ती पोर हे एकटी वागवत होती.

या वयाची मुलं घडलेल्या गोष्टीचं कारण स्वतःत शोधतात. आईबाप भांडले तर माझ्यामुळे, बाबा गेले तर मी हट्ट केला म्हणून. ज्या मुलाला आधीच एकदा कोणी सोडून गेलेलं असतं, त्याच्याकडे असा हिशोब तयारच असतो, आपण फक्त त्यात एक ओळ वाढवतो. म्हणून मुलांबरोबर काम करणाऱ्या श्रद्धावान माणसांना मी हात जोडून सांगते, देवाच्या वतीने शब्द देऊ नका. 'देवाने धडा शिकवला' नको. 'तुम्ही देवाला प्रिय म्हणून वाचलात' हेही नको. खाडीपलीकडे कोणी दगावलं असेल तर ते अप्रिय होतं का, हा प्रश्न मुलं विचारतात, फक्त आपल्याला विचारत नाहीत.

इथे माझं ज्ञान संपत होतं. मी मावशींना त्यांच्याच पंथाच्या एका निवृत्त पाळकांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, बोलायला सुचवलं. ते मला आधीपासून माहीत होते, कमी बोलणारे. त्यांनी फोनवर सांगितलेली गोष्ट मावशींनी मला येऊन सांगितली, आणि ती मी अजून विसरलेले नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय. ते लिहिलंय ९१व्या स्तोत्रातच. शब्द खरे, पण त्याने ते हमीपत्रासारखे वापरले, आणि येशूने उडी टाकली नाही. पाळकांनी आणखी एक काम दिलं. स्तोत्रांत ४६, ९१, १२१ एवढीच वाचू नका, १३ आणि ८८ वाचा. तेराव्यात माणूस देवाला सरळ विचारतो, किती काळ? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी समाधान नाही, काही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

मुलींशी काय बोलायचं ते आम्ही दोघींनी माझ्या खोलीत चारदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा त्यांचं वाक्य 'पण'वर अडखळत होतं. शेवटी जमलं.

त्या रात्री ताडपत्रीखाली त्या म्हणाल्या, "वादळाच्या दिवशी मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. छप्पर राहील की जाईल हे मला माहीत नव्हतं. मी घाबरले होते, म्हणून बोलले. वादळ दोन दिवस आधीपासून अरबी समुद्रात तयार होत होतं. कोणी डोळे उघडले म्हणून ते आलं नाही. डोळे उघडून पिल्लू बघितलं, ते चांगलंच केलं."

धाकटी काही बोलली नाही. पंधरा वर्षांची मोठी बोलली. "मग प्रार्थना करायची कशाला?"

मावशी म्हणाल्या, "मलाही सध्या कळत नाहीये. तुमच्याजवळ बसायचं एवढं कळतंय."

मला विचाराल तर त्या बालगृहात वादळानंतर बोललं गेलेलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते.

त्यानंतर नियम बदलला. प्रार्थनेत डोळे उघडे चालतील. बसायचं नसेल ती बाहेर पायरीवर बसेल, कोणी विचारणार नाही. हे आधीपासूनच असायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी मावशींना सांगितलंही. दुसऱ्यांच्या आसऱ्याला आलेलं मूल 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून ती सोय मोठ्यांनीच करून ठेवायची असते.

एका संध्याकाळी मावशींनी तेरावं स्तोत्र वाचलं. किती काळ, किती काळ. सिंधुदुर्गातून आलेली एक मुलगी पायरीवरून ओरडली, "ह्या तर गाऱ्हाणा!" आणि तिने गावच्या देवळातलं गाऱ्हाणं म्हणून दाखवलं, "बा देवा म्हाराजा..." बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हटलं. मावशी आधी जरा बावरल्या. मंडळीत कोणी ऐकलं तर? मग मला म्हणाल्या, "शब्द मात्र बरोबर आहे हो. मी आजवर देवाकडे नुसती मागणी केली. गाऱ्हाणं कधी घातलंच नाही." त्यांनी ते आपल्या पद्धतीने, आपल्या प्रभूपुढे घातलं. छप्पर, पत्र्यांचे भाव, 'कमी पडली' म्हणणारा तो फोन, सगळं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. धाकटीचं अंथरूण गणपतीपर्यंत अधूनमधून ओलं होत राहिलं. एका मुलीची भयस्वप्नं महिना उलटून गेला तरी थांबेनात, तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं लागलं. तिथे प्रार्थना हा उपचाराला पर्याय होऊ शकत नाही, हे मावशींनीच संस्थेच्या लोकांना ठणकावून सांगितलं. (मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर तेव्हाही होता, आता मानसिक त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबरही आहे.)

मोजणीचा विषय त्यांनी स्वतःच परत काढला, नोव्हेंबरात. "हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे ना, शंभरातलं एक. इतकी वर्षं सांगते. मेंढपाळाने मोजली म्हणूनच त्याला कळलं की एक कमी आहे." एवढंच बोलून त्यांनी नव्या कौलांचा विषय काढला.

पुढच्या वर्षी १६ मेला तौक्तेचा इशारा होता. मावशींचा दुपारी फोन आला, मागे मुलींचा गलका. स्लॅबच्या खोलीत पाणी, पोहे, बॅटरी आधीच नेऊन ठेवली होती. पिल्लाची आता मांजर झाली होती, तिलाही नेलं होतं. प्रार्थना झाली का, असं मी विचारलं नाही. फोन चालू असतानाच धाकटीचा आवाज आला, "मावशी, या वेळी छप्पर राहील?"

"माहीत नाही गं," मावशी म्हणाल्या. "आधी चपला घाल."