सुट्टीत स्वतः शोधून केलेल्या इंटर्नशिपचे क्रेडिट कॉलेज देतं का?

देऊ शकतं, पण रुजू होण्याआधी विभागाची लेखी परवानगी घ्या. काम संपल्यावर नुसतं सर्टिफिकेट नेऊन दिलं तर बहुतेक ठिकाणी ते मान्य होत नाही, आणि मुलांची मेहनत वाया जाते याचं फार वाईट वाटतं.

हिशोब तासांचा असतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यानुसार इंटर्नशिपचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. महाराष्ट्रात एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. रोज सहा तास काम केलं तर वीस दिवसांत होतात.

खरी अडचण येते ती रोजच्या कामाच्या नोंदवहीत. "ऑफिसचं काम केलं" असं रोज लिहू नका. "जीएसटीची ४० बिलं एक्सेलमध्ये चढवली, दोन चुका सापडल्या" असं लिहा आणि साहेबांची सही त्याच आठवड्यात घ्या. महिनाभराच्या सह्या एका शाईत दिसल्या की तोंडी परीक्षेत प्रश्न येतातच.

स्टायपेंड मिळाला म्हणून क्रेडिट अडत नाही. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं (मिळालेले क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) मात्र आधी उघडून ठेवा, नाव मार्कशीटप्रमाणेच हवं.