युद्धकाळातील ब्रिटन आणि तान्ह्या मुलांचे आरोग्य

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले आणि अन्नटंचाई असूनही ब्रिटनमधील बालमृत्यू कमी झाले, असे वाचले. डॉक्टर सैन्यात गेलेले असताना हे कसे शक्य झाले? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एक दुरुस्ती करायला हवी. युद्धाची पहिली वर्षे मुलांना फार जड गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३९ साली दर हजार जन्मांमागे ५१ अर्भके दगावत होती, ती संख्या १९४१ मध्ये ६० वर गेली आणि त्यानंतरच उतरत १९४५ मध्ये ४६ वर आली. त्यामुळे युद्धाने आरोग्य सुधारले, असे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. सुधारणा झाली ती सरकारने उशिरा का होईना, घेतलेल्या निर्णयांमुळे.

घटसर्पाचेच पाहा. या रोगात घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो आणि मूल श्वासासाठी तडफडते. युद्धापूर्वी तिथे वर्षाला सुमारे ३,००० जण, बहुतेक मुलेच, याने मरत. लस उपलब्ध होती, कॅनडातील टोरांटो शहराने तिच्या बळावर हा रोग जवळजवळ हटवलाही होता; परंतु ब्रिटनमध्ये ती द्यायची की नाही हे प्रत्येक नगरपालिकेच्या मर्जीवर आणि तिजोरीवर सोडलेले होते. आश्रयस्थानांतील दाटीवाटीत साथ पसरेल या भीतीने १९४० च्या अखेरीस सरकारने लस स्थानिक संस्थांना मोफत पुरवायला सुरुवात केली, आणि आरोग्य अधिकारी व परिचारिकांनी शाळा-शाळांतून, बालकल्याण केंद्रांतून ती टोचली. १९४५ पर्यंत मृत्यू हजाराच्या आत आले. जी मुले त्याआधीच्या दशकभरात गेली, त्यांतील कितीतरी वाचली असती, ही गोष्ट मनाला लागते. (आपल्याकडच्या त्रिगुणी लसीत घटसर्पाविरुद्धचा घटक असतोच.)

दुसरा निर्णय दुधाचा. जुलै १९४० पासून गर्भवती, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुलांना रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध दोन पेनीला मिळू लागले आणि गरीब कुटुंबांना फुकट. पुढे संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेलही देण्यात आले. तेल मात्र अनेक घरांनी नेलेच नाही.

मातामृत्यूही घटले, पण ती घट सल्फा या जंतुसंसर्गावरील औषधांमुळे युद्धाआधीच सुरू झाली होती, म्हणून तिचे सारे श्रेय युद्धकालीन योजनांना देता येत नाही.