चिरेखाणीतली मुलगी आणि ज्वालामुखी

प्रश्न: ताई नमस्कार, मी लांजा तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. बाबांची चिरेखाण आहे त्यामुळे दगड लहानपणापासून बघतेय. मला ज्वालामुखीच्या दगडांच्या केमिस्ट्रीवर रिसर्च करायचाय, पण घरचे म्हणतात आपल्याकडे कुठे ज्वालामुखी, परदेशात जावं लागेल. खरंय का?

उत्तर: अजिबात नाही गं! तुमच्या खाणीतला चिरा मुळात लाव्हाच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर बसले, तो आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि मग इथल्या पावसाने त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकासुद्धा धुवून नेली, मागे उरलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम, म्हणून जांभा, म्हणजे तुमचा चिरा, लाल.

आता खरी गंमत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना सगळे थर डोळ्यांना सारखेच काळे दिसतात, पण स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम मोजलं की वेगळे निघतात. खालच्या पोलादपूर थरांच्या लाव्हात वर येताना जमिनीखालचे जुने खडक मिसळलेत, त्यावरचे आंबेनळी थर त्यामानाने एकदम स्वच्छ. ही दोन्ही नावं जगभरच्या संशोधनात हीच वापरतात, मला अजून भारी वाटतं!

काम मात्र चिकाटीचं. मी पहिल्या फिल्डला दगडांची तपकिरी साल न काढताच नमुने आणले, दळले, भट्टीत तापवल्यावर वजन इतकं घटलं की कळलं दगड आतून कुजलेला होता, पाणी धरून होता, अख्खा सीझन वाया गेला. तेव्हापासून हातोड्याने आतला ताजा काळा गाभा मिळेपर्यंत फोडायचं, हे मी सोडलेलं नाही.

बीएस्सीला जिऑलॉजी घे, पण केमिस्ट्री सोडू नकोस, बरीच मुलं इथेच चुकतात. मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं, मुंबईच्या आयआयटीतही जिऑलॉजीचा विभाग आहे, पुढे नेट किंवा गेट परीक्षा आणि पीएचडी. रिसर्चमधली पक्की नोकरी उशिरा लागते हे घरी आधीच सांग. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा दिलीस तर जिऑलॉजिकल सर्व्हेत जाता येतं, तिथेही लॅब आहेत.

आणि बाबांना विचार, चिरा संपल्यावर खाली काय लागतं. मऊ चिकणमाती, मग कुठेतरी कांद्यासारख्या सालींचे गोल दगड मिळतील. एक फोडून बघ, मधे काळं काही सापडलं तर मला नक्की कळव.