६६ टक्के आणि चेन्नईचा अर्ज

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बारावीला ६६ टक्के, गणितात शंभरापैकी ६४. जेईई मेनच्या पर्सेंटाइलपुढे आकडा गाळून तू नुसतंच ‘विचारू नका’ लिहिलंयस. आणि शेवटी प्रश्न: ‘सर, या मार्कांवर सीएमआय नाहीतर आयएसआयचं नाव काढणं म्हणजे येडेपणा आहे का?’

मार्कांमुळे तरी नाही. दुसऱ्या कारणांनी असू शकतो, आणि ती कारणं टक्क्यांपेक्षा महत्त्वाची आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम बघू. आयआयटी आणि एनआयटीला जेईईच्या रँकबरोबरच बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपापल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. तो दरवाजा सध्या बंद आहे, त्यावर डोकं आपटण्यात अर्थ नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय) आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय) या गणित-संख्याशास्त्राच्या संस्थांचा खाक्या वेगळा आहे. तिथे प्रवेश ठरतो तो त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर. बारावी पास हवी, आयएसआयला बारावीत गणित आणि इंग्रजी हे विषय हवेत, पण तुझे ६६ टक्के गुणवत्ता यादीत कुणी मोजत नाही. गणिताच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही. सगळं गणित, आणि तेही अकरावी-बारावीच्या पातळीचं: बीजगणित, भूमिती, कलन, मोजणीचे प्रश्न, थोडा अंकसिद्धांत. तरीही दरवर्षी नव्वद टक्केवाली मुलं तिथे धडाधड पडतात. का, ते पुढे सांगतो. (नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. माहितीपत्रक स्वतः वाच, यूट्यूबवरच्या दादाचं ऐकून फॉर्म भरू नकोस.)

आता वाईट बातमी. या परीक्षा साधारण मे महिन्यात होतात आणि त्यांचे अर्ज मार्च-एप्रिलच्या आसपास भरायचे असतात. बारावीचा निकाल हातात येईपर्यंत यंदाच्या अर्जांची मुदत संपलेली असते. म्हणजे तुझ्यापुढे एक अख्खं वर्ष आहे आणि खरा प्रश्न त्या वर्षाचा आहे.

‘ड्रॉप घेते’ असं तू लिहिलंयस. घेऊ नकोस. गॅप पडला तर जग बुडतं म्हणून नव्हे. कराडसारख्या गावात निकालानंतर घरी बसलेल्या मुलीकडे कोण कोण येऊन काय काय विचारून जातं, ते मला माहीत आहे. ऑक्टोबरपर्यंत तुझा अर्धा जीव लोकांना उत्तरं देण्यात जाईल. त्यापेक्षा गावातच बीएस्सीला प्रवेश घे, गणित आणि स्टॅट्स (संख्याशास्त्र) हे विषय घेऊन. फी इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळ असते, ग्रंथालय मिळतं, आणि पुढच्या मे महिन्यात जमलं नाही तरी वर्ष वाया गेलेलं नसतं. मूळ मार्कलिस्ट आणि दाखला कॉलेजात जमा करण्याआधी साक्षांकित प्रतींचा एक गठ्ठा घरी ठेव, पुढच्या वर्षी कागदासाठी पळापळ नको.

बाबा सीईटीच्या कॅप राउंडचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीचं बोलतायत, हेही तू लिहिलंयस. त्यावर माझं मत स्पष्ट आहे. इंजिनिअरिंग खरंच करायचं असेल तर मनापासून कर, त्यात कमीपणा काही नाही. पण ‘असू दे एक सीट हातात’ म्हणून लाखभर रुपये भरायचे आणि वर्षभर वर्कशॉपच्या जर्नल्स लिहीत चेन्नईची स्वप्नं बघायची, यात दोन्हीकडचं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. बोर्डाकडे गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग. पुनर्मूल्यांकनासाठी ती आधी घ्यावीच लागते, पण मी त्यासाठी सांगत नाहीये. दोन-चार मार्क वाढून तुझं काही बदलणार नाही. तू नेमकी कुठे पडलीस ते मला बघायचंय. शंभरातले २० प्रात्यक्षिकाचे, ते बहुतेकांना सढळ हाताने मिळतात. म्हणजे लेखी ८० पैकी तुझे ४५ च्या आसपास असावेत. पस्तीस मार्क गेले. ते कसे गेले, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वेळ पुरला नाही आणि शेवटची पानं कोरी राहिली, हा एक प्रकार. प्रश्न येत होता पण पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिलं, हा दुसरा. इंटिग्रेशनची युक्ती आठवली नाही म्हणून पेन खाली ठेवलं, हा तिसरा. माझा संशय दुसऱ्यावर आहे. नववी-दहावीत तू पक्ष, साध्य व्यवस्थित लिहायचीस आणि सिद्धतेच्या उजव्या बाजूला कारणं लिहायची वेळ आली की ‘सर, हे तर दिसतंच आहे’ म्हणायचीस. पण संशयावर वर्ष घालवायचं नसतं. छायाप्रतीवर प्रत्येक गेलेल्या मार्काशेजारी पेन्सिलीने कारण लिही. जेईईचंही तसंच कर. जेईई घेणारी एनटीए प्रत्येकाची रिस्पॉन्स शीट (तू दिलेली उत्तरं) आणि उत्तरसूची देते, ती उतरवून घेतली नसशील तर अजून मिळते का बघ. चुकलेल्या आणि सोडून दिलेल्या प्रश्नांच्या वेगळ्या याद्या कर. तिसरा प्रकार निघाला तर घाबरू नकोस, फक्त अकरावीचं पुस्तक परत काढावं लागेल. लाज वाटू द्यायची नाही.

आता नव्वद टक्केवाले तिथे का पडतात, ते. आयएसआयच्या परीक्षेत सकाळी पर्यायी प्रश्न असतात आणि दुपारी लेखी. सीएमआयच्या पेपरातही आधी छोटी उत्तरं आणि मग सविस्तर उत्तरं असे दोन भाग असतात. पहिल्या भागात ठरावीक गुण पडले नाहीत तर दुसरा भाग तपासलाही जात नाही. पण निवड खऱ्या अर्थाने होते ती लिहिण्याच्या भागात, आणि तिथे उत्तराला फारशी किंमत नसते. उत्तर बरोबर का, हे समोरच्याला पटेल असं लिहावं लागतं.

एक उदाहरण घे. कोणतीही पूर्ण संख्या घे, तिचा वर्ग कर, त्यात तीच संख्या मिळव आणि वर ४१ मिळव. ० घेतलास तर ४१ येतात. १ घेतलास तर ४३, २ ला ४७, ३ ला ५३. सगळ्या मूळ संख्या. दहा वेळा करून बघ, वीस वेळा करून बघ, प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. जेईईची सवय म्हणते, झालं, ‘नेहमी मूळ’ हा पर्याय निवड आणि पुढे चल. ३९ पर्यंत ती सवय खरी ठरते. ४० ला येतात १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. आणि हिशेब न करताही हे दिसायला हवं होतं: संख्या म्हणून ४१ च घेतली असतीस तर तिन्ही पदांना ४१ ने भाग गेला असता. चाळीस उदाहरणं बरोबर आली म्हणजे विधान सिद्ध झालं नाही, आणि एक विरुद्ध उदाहरण मिळालं की ते संपलं. तीन मिनिटांत एक प्रश्न या वेगाला दोन वर्षं सरावलेल्या मुलाला हा फरक ऐकून समजतो, पण हाताला वळण लागत नाही.

ते वळण लावण्यासाठी तुझं वर्ष आहे. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर जुने पेपर आहेत, फुकट आहेत. पण एका बैठकीत पेपर संपवायचा नाही. एक लेखी प्रश्न घे आणि दोन दिवस त्याच्याशी राहा. बसमध्ये, भाजी निवडताना, कुठेही. सुटला नाही तर उत्तर बघू नकोस, छोटी उदाहरणं करून बघ, अटी एकेक काढून काय बिघडतं ते बघ. सुटला की खरं काम सुरू होतं: कोऱ्या कागदावर पूर्ण वाक्यांत लिही, रात्रभर ठेव, सकाळी परक्याचं म्हणून वाच. जिथे जिथे ‘हे दिसतंच आहे’ लिहिलंस तिथे थांब. साधारण अर्ध्या वेळा ते दिसत नसतं आणि उरलेल्या अर्ध्या वेळा चुकीचं असतं. दर रविवारी असं एक लिहिलेलं उत्तर मला पाठव. मी फक्त प्रश्न विचारीन. मोठे क्लास लावू नकोस. बहुतेक ठिकाणी पुन्हा वेगच शिकवतात. पुण्याला जाणं झालं तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात डोकाव. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली संस्था आहे, गणितासाठी गणित करणारी माणसं तिथे भेटतात. आणि तुझ्या वयाला, विशेषतः आपल्या भागात, अशी माणसं प्रत्यक्ष बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

येता-जाता कुणीतरी तुला रामानुजनचं उदाहरण देईलच. कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले, तरी बघ कुठे पोचले! हो, झाले नापास, कारण गणितापुढे त्यांनी बाकीच्या विषयांकडे पाहिलंच नाही. त्या काळात त्यांच्या वह्या भरत होत्या. तुझी वही भरत असेल तर ते उदाहरण तुझं.

यातूनच माझा उलटा प्रश्न. तुला तिथे का जायचंय? आयआयटी हुकली, आता तितकंच भारी दुसरं नाव हवं, असं असेल तर जाऊ नकोस. हे मी कडक शब्दांत सांगतो, कारण तिथे पोचल्यावर सुटका नाही. वर्गात गणित ऑलिम्पियाड स्पर्धेतली मुलं असतात, पहिल्या सहामाहीतच तुला आपण सगळ्यात मागे आहोत असं वाटेल, आणि त्या दिवसांत फक्त विषयाची ओढच उपयोगी पडते. ओढ आहे की नाही हे कसं कळणार? दिवाळीपर्यंत वर सांगितलं तसं कर. प्रश्न सुटला नाही त्या दिवशीही दुसऱ्या दिवशी वहीकडे हात गेला तर आहे. दिवाळीपर्यंत कंटाळा आला तर मला तसं कळव. मी रागावणार नाही, आणि बीएस्सी चालू असेलच.

बाबांशी बोलताना ‘प्युअर मॅथ्स’ वगैरे शब्द वापरू नकोस, त्यांना त्यात फक्त बेकारी ऐकू येते. त्यांना आयएसआयचं सांग. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कोलकात्यात ती संस्था काढली, देशभर घरोघर जाऊन माहिती गोळा करणारी राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. तिथे पदवीच्या मुलांना शिकताना विद्यावृत्तीही मिळते, हा मुद्दा बाबांना आवडेल. बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या, डेटावाले, सगळ्यांना स्टॅट्सची माणसं लागतात. आणि आपल्याकडचं नाव हवं असेल तर कोल्हापूरचे वसंतराव हुजूरबाजार. केंब्रिजहून शिकून आले, पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, १९७४ साली पद्मभूषण मिळालं. कोल्हापूर बाबांना चेन्नईपेक्षा जवळचं वाटेल.

पुढच्या मे महिन्यात नाही झालं तर? बीएस्सीनंतर हीच दारं पुन्हा उघडतात. आयएसआयचं एम.स्टॅट आणि एम.मॅथ (संख्याशास्त्र आणि गणितातल्या पदव्युत्तर पदव्या), सीएमआयचं एमएस्सी, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीतलं एमएस्सी. बीएस्सीच्या मुलांसाठी एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण कार्यक्रमाचं उन्हाळी शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे. लहान गावांतल्या कॉलेजांतली मुलं तिथे चार आठवड्यांत खरं गणित म्हणजे काय ते पहिल्यांदा बघतात. मला विचारशील तर तुझ्यासाठी हा दुसरा रस्ता जास्त शक्यतेचा आहे. पहिला प्रयत्न त्यासाठी सोडायचा नाही, कारण पहिल्यासाठी केलेली तयारी दुसऱ्याला जशीच्या तशी लागते.

मुलाखतीची वेळ आलीच कुठे आणि बारावीच्या मार्कांबद्दल विचारलं, तर एका वाक्यात सांग आणि थांब. आजारपण, शिक्षक, पेपर अवघड, यातलं काही नको. समोर बसलेल्यांना तुझ्या कारणांत रस नसतो, ते पुढचा प्रश्न काय विचारायचा याचा विचार करत असतात.

छायाप्रतीच्या अर्जाची मुदत थोड्या दिवसांचीच असते, तेव्हा उद्याच कॉलेजात चौकशी कर. आणि पहिल्या रविवारसाठी हा प्रश्न: १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ वेगवेगळ्या संख्या निवडल्या, तर त्यांत अशा दोन सापडतातच की एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. खरं आहे, हे मीच सांगून टाकतो. का, ते तू लिहायचंस, पूर्ण वाक्यांत.

तुझे सर