सी प्लस प्लसमध्ये डिलीटने मेमरी सोडल्यावर पॉइंटर नल केला, तरी प्रोग्रॅम का कोसळतो?

कारण तुम्ही एकच पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता धरणारा व्हेरिएबल, नल (रिकामा) केलात. तो पॉइंटर ज्याच्यात आहे त्या ऑब्जेक्टची कॉपी झाली तेव्हा कंपायलरने फक्त पत्ता उतरवून घेतला, मेमरी एकच राहिली. दुसऱ्या ऑब्जेक्टकडे जुना पत्ता तसाच आहे, तुमच्या नलची त्याला खबरही नाही.

'नल कर, सुटलं' हे मी कोल्हापुरात पहिल्याच नोकरीत ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. राजारामपुरीतली छोटी फर्म, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम आमच्याकडे. उसाचा ट्रॅक्टर भरलेला काट्यावर येतो, गव्हाणीत ऊस टाकून रिकामा परत येतो. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. तोवर गाडीचा ऑब्जेक्ट मेमरीत थांबलेला, आणि गाडीचा नंबर साध्या कॅरेक्टर पॉइंटरवर. भरलेल्या वजनाची पावती छापणारं फंक्शन गाडी बाय व्हॅल्यू, म्हणजे तिची कॉपी करून, घ्यायचं. फंक्शन संपलं की कॉपीचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारं फंक्शन) नंबरची मेमरी सोडायचा. मूळ गाडी मात्र तोच पत्ता धरून. मागच्या गाडीचा नंबर नेमका त्या जागी जाऊन बसला, की पहिलीच्या रिकाम्या वजनाच्या पावतीवर दुसरीचा नंबर! कधी प्रोग्रॅमच बंद पडायचा. ऐन हंगामात, रात्री दोनला, एक शेतकरी पावती पुढे करून म्हणाला, "ही गाडी माझी न्हवं." रात्रभर नंबरात उभा राहिलेला माणूस. त्याला काय सांगणार?

आमच्या सीनियरांनी डिस्ट्रक्टरमध्ये डिलीटखाली नलची ओळ घातली आणि मालकांना 'झालं' म्हणून कळवलं. अहो, मरणाऱ्या ऑब्जेक्टचा पॉइंटर नल करून मूळ गाडीला काय मिळणार? मी कॉपी कन्स्ट्रक्टर (कॉपी कशी करायची ते सांगणारं फंक्शन) लिहितो म्हटलं, तर त्यांचं उत्तर, "कंपायलर देतोय की फुकट!" फुकटातला तो पत्त्याचीच नक्कल करतो. शेवटी मी फंक्शनला कॉन्स्ट रेफरन्स, म्हणजे कॉपी न करता मूळ गाडीच, दिला, कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर दोन्ही लिहिले, पावत्या सुधारल्या. श्रेय नलच्या ओळीला गेलं.

डिस्ट्रक्टरमध्ये डिलीट लिहिलंत तर कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट हे दोन्हीही लिहा, नाहीतर कॉपीच बंद करा. सी प्लस प्लस ११ पासून ती सोय आहे. त्याहून बरं, आपली मेमरी स्वतः सांभाळणारे स्ट्रिंग आणि व्हेक्टर वापरा, डिलीट लिहूच नका.

शॅलो कॉपी (फक्त पत्त्याची नक्कल) म्हणजे चूकच, असं मात्र नाही. मेमरीचा मालक दुसरा असेल आणि तो तुमच्यापेक्षा जास्त टिकणार असेल, तर पत्ता पुरतो.

आणि तुम्हालाही कुणी नलवर भागवायला सांगत असेल, तर तोंडी वाद घालू नका. जीसीसी या कंपायलरमध्ये ४.८ आवृत्तीपासून मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर आहे. मेमरी कुठे सुटली आणि नंतर कुठे वापरली, दोन्ही दाखवतो. ते छापून त्यांच्या टेबलावर ठेवा. माझ्याकडे तेव्हा ते नव्हतं.