वॉरंटीतील बॅटरी आणि ‘पाणी भरले नाही’ हे उत्तर

प्रश्न : चाळीसगाव येथे माझे झेरॉक्स व ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे; ते मी एकटीच चालवते. १४ महिन्यांपूर्वी ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरसाठी १२ व्होल्टच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या. वॉरंटी ३६ महिन्यांची आहे. त्यांतील एक बॅटरी पूर्ण चार्जिंगनंतरही १०.४ व्होल्टच दाखवते. तक्रार करून दोन महिने झाले. आता कंपनीचा माणूस ‘डिस्टिल्ड वॉटर वेळेवर भरले नाही, वॉरंटी बाद’ असे तोंडी सांगून गेला आणि विक्रेता म्हणतो, चारही नव्या घ्या. मी काय करावे?

उत्तर : कंपनीचे म्हणणे आपण लेखी मागावे. वॉरंटीची अट मोडली असे जो म्हणतो, त्यानेच ते सिद्ध करायचे असते, आणि आपला आकडा कंपनीला अडचणीचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे दोन व्होल्टचे सहा सेल असतात; त्यांपैकी एक निकामी झाला की व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येते. देखभालीत हयगय झाली असती, तर एकाच हाताने पाणी भरलेल्या चारही बॅटऱ्यांवर तिचा परिणाम दिसणे अधिक स्वाभाविक होते. उरलेल्या तीन ठणठणीत असतील, तर दोष त्या एकाच बॅटरीच्या निर्मितीत असल्याचा युक्तिवाद बळकट होतो.

हा युक्तिवाद टिकण्यासाठी पुरावा हवा, आणि येथेच बहुतेक ग्राहक चुकतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चारही बॅटऱ्यांचे व्होल्टेज आणि हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (आतील आम्लद्रावाची घनता) मोजून घ्यावी, अनुक्रमांक दिसतील अशी छायाचित्रे काढावीत आणि त्याच्या सहीचा दिनांकित अहवाल ठेवावा. पोचपावतीशिवाय बॅटरी ‘तपासणीसाठी’ म्हणून कोणाच्याही हवाली करू नये.

तो संच तसाच चालवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. चार्जर ४८ व्होल्टच्या संचाच्या हिशेबानेच दाब देत राहतो, त्यामुळे एक सेल बसला की तो दाब उरलेल्या सेलवर वाटला जाऊन त्या बॅटऱ्या अतिरिक्त चार्ज होतात. नुकसान टाळणे शक्य असूनही ते वाढू दिले, तर भरपाई ठरवताना भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार ती बाब विचारात घेतली जाते. म्हणून स्पष्ट सांगतो : एका बॅटरीचा आपला दावा भक्कम आहे, चारहींचा तितकासा नाही. मात्र दोन महिन्यांच्या टाळाटाळीत बाकीच्याही खालावल्या असल्याचे अहवालात आले, तर पहिल्या तक्रारीची तारीख दाखवून त्यांचीही मागणी करता येईल.

दुकानासाठी खरेदी केली म्हणून आपण ‘ग्राहक’ नाही, हा बचाव हमखास येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूच्या खरेदीला वगळतो. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू या वगळणुकीतून सुटते. दुकान आपण एकट्याने चालवता, हे वाक्य नोटिशीत आणि तक्रारीत आवर्जून घालावे.

विक्रेता व उत्पादक या दोघांना स्पीड पोस्टाने १५ दिवसांच्या मुदतीची नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग ती बॅटरी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागू शकतो.

दरम्यान धंदा अडला म्हणून नवा संच घेणे भाग पडलेच, तर जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये देऊन चार पैसे सोडवून घेण्याचा मोह टाळावा. ती आपला मुख्य पुरावा आहे. प्रकरण संपल्यावर मात्र २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्यावी.